अदृश्य निचरा

मानवी शरीर ही निसर्गाची परिपूर्ण रचना आहे.

हे वाक्य पडद्यावर सोनेरी अक्षरांत उमटलं, मागे मंद संगीत वाजलं, आणि त्यानंतर बरोबर अकरा मिनिटांनी ती परिपूर्ण रचना फुगून मेली.

नर्सिंग शाळेच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत तेव्हा चोवीस मुली, संच पुरवणाऱ्या कंपनीचा डेमोवाला आणि शिकवणाऱ्या एमएलबाई एवढी माणसं हजर होती. पडदा खाटेएवढा आणि खाटेसारखाच आडवा. त्यावर पूर्ण मापाचा एक माणूस उताणा. बोट लावलं की कातडी बाजूला, पुन्हा लावलं की स्नायू बाजूला, आणि मग आतला सगळा कारभार चालू स्थितीत. हृदय धडधडत होतं, फुप्फुसं वरखाली होत होती. कडेला पट्ट्या होत्या: पाणी, मीठ, श्रम, ताप. पट्टी सरकवावी तसं आतलं बदले. इथलं एक मिनिट म्हणजे त्याचे सहा तास. एका मुलीने हौसेने त्याला दोन लिटर पाणी पाजलं.

"आता मूत्रपिंडं बघा," डेमोवाला म्हणाला. "हा व्हिडिओ नाही हं. सगळं आत्ताच्या आत्ता, गणितावर चालतं."

गणित चाललं. दोन बारीक नळ्यांमधून पिवळे थेंब खाली आले. मूत्राशयात चारशे मिली झाले, सहाशे झाले, नऊशे झाले. मूत्राशय बेंबीपर्यंत चढलं. मग त्या नळ्या फुगल्या, मग मूत्रपिंडं फुगली. कडेचे हिरवे आकडे एकेक करून लाल झाले, रक्तातलं पोटॅशियम वाढत गेलं, हृदयाने दोनचार चुकार ठोके टाकले आणि सरळ रेघ मारली.

"मॅडम, गेला," पुढची मुलगी म्हणाली.

"दिसतंय. कशाने गेला?"

मग मागून एक दबका आवाज आला. "मॅडम, त्याला जायला जागाच नाहीये."

एमएलबाईंनी वाकून पाहिलं. बेंबीखाली चार बोटांपासून मांड्यांपर्यंत तो माणूस कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यासारखा गुळगुळीत होता. कातडी बाजूला केली तरी गुळगुळीत. मूत्राशयाच्या खाली काहीही नव्हतं. नळी नाही, दार नाही, साधी फट नाही.

एमएलबाई हे नाव मुलींनी ठेवलेलं. बाईंनी सोळा वर्षं वॉर्डात काढली होती आणि नऊ वर्षं शिकवण्यात. पंचवीस वर्षांत त्यांनी निम्म्या शहराची लघवी मोजून तक्त्यात भरली होती: आत किती गेलं, बाहेर किती आलं. "पेशंट खोटं बोलतो, नातेवाईक खोटं बोलतात, डॉक्टर घाईत असतो," त्या मुलींना सांगत. "तक्ता तेवढा खरं बोलतो." चहा किती घेणार असं विचारलं तर त्या "ऐंशी" म्हणत, आणि विचारणाऱ्याला ते कळत असे. उलटी, पू, रक्त, थुंकी, कशाकशाचीही त्यांना कधी शिसारी आली नव्हती. कुजलेल्या जखमेचं ड्रेसिंग करून, हात धुऊन, त्या शांतपणे डबा उघडत.

त्या दिवशी त्या गुळगुळीत जागेकडे बघून मात्र त्यांना मळमळून आलं.

खरं तर बिचारा प्रोग्रॅम प्रामाणिक होता. त्याला समितीचा ठराव माहीत नव्हता.

समिती दोन महिन्यांपूर्वी बसली होती. तेव्हा संचातला माणूस जन्मतः असतो तसा, पूर्ण होता. संस्थेच्या अध्यक्षांनी डोक्यापासून पाहायला सुरुवात केली. मेंदू पाहून ते "वा" म्हणाले, हृदय पाहून "वा वा" म्हणाले, आणि आणखी खाली आल्यावर एकदम छताच्या पंख्याकडे पाहू लागले.

"हे... हे इथे कशाला?"

"सर, ते शरीरातच असतं," डेमोवाला म्हणाला.

"असेल हो. पण ही संस्था आहे."

एका सदस्याने सुचवलं की तिथे पान ठेवावं. दुसऱ्याने विचारलं, पान कुठल्या झाडाचं? यावर वीस मिनिटं गेली. शेवटी 'सदर भाग सौम्य करण्यात यावा' असा ठराव एकमताने पास झाला. एमएलबाईंना आमंत्रित म्हणून बोलावलं होतं, म्हणजे खुर्ची होती, मत नव्हतं. तरी त्या बोलल्या. "साहेब, आमच्या मुली नर्स होणार आहेत. त्यांना तिथेच तर काम आहे."

"बाई," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीतून लघवी होत नाही, साहेब."

हे वाक्य इतिवृत्तात 'सदस्यांनी साधकबाधक चर्चा केली' असं उतरलं.

त्यानुसार भाग सौम्य झाला. संचावर स्त्री आणि पुरुष असं एक बटण होतं. ठरावानंतर ते दाबलं की फक्त केस लांब होत. आणि एवढं मोठं यंत्र ठेवायला जागा हवी म्हणून कपाटातला जुना रबरी पुतळा निर्लेखित करून भंगारात दिला. त्याला डोकं नव्हतं, पाय नव्हते. कंबर ते मांडी एवढाच ऐवज. लघवीची नळी घालायला मुली त्याच्यावर शिकत. मुलींमध्ये त्याचं नाव 'खालचे साहेब' होतं. पंचवीस मुलींच्या सात तुकड्या त्या साहेबांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्यांनी कधी पंख्याकडे पाहिलं नव्हतं.

संच मेल्यावर डेमोवाला चार दिवस शाळेतच बसून दुरुस्ती करत होता. माणूस वाईट नव्हता. घरी लहान मूल आहे, झोप होत नाही, असं तो दोनदा म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने पाण्याची पट्टी अर्ध्या पेल्यावर कुलूपबंद केली. माणूस तहानेने मेला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं पाणी घामावाटे काढलं. माणूस जगला, पण पडल्या पडल्या असा निथळायला लागला की मुलींना त्याला पुसावंसं वाटू लागलं.

"म्हणजे पेशंटला लघवी झाली नाही की त्याला मैदानावर पळवायचं का?" एमएलबाईंनी विचारलं.

"मॅडम, मला वरून आलेलं आहे हो. मी काय करू?"

चौथ्या दिवशी तो हसत आला. पाणी पाजलं. मूत्राशय भरलं, साडेचारशेला पोचलं, आणि पापणी लवते न लवते तोच आकडा शून्य झाला. पुन्हा भरलं, पुन्हा शून्य.

"गेलं कुठे?"

"कुठेच नाही. शून्य होतं. मेनूत त्याचं नाव 'अदृश्य निचरा' ठेवलंय."

मागे उभा असलेला हेडक्लार्क म्हणाला, "देवाची करणी आणि नारळात पाणी."

प्राचार्यांनी एमएलबाईंना खोलीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. 'सदर संच मी तपासला असून तो शैक्षणिकदृष्ट्या अचूक आहे. मूत्रनलिका प्रवेशनाचे प्रात्यक्षिक सदर संचावर पूर्ण झाले, असे समजण्यात यावे.' खाली रेघ, रेघेखाली 'विषयतज्ज्ञ'.

"सिस्टर, सही करून टाका. मंगळवारी तपासणी आहे."

"मॅडम, गुरुवारी मुली वॉर्डात जातात."

"मग?"

"नळी कुठे घालायची हे त्यांनी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा पाहतील ते जिवंत माणसावर."

"आपण नाही का शिकलो तशाच?"

"शिकलो ना. म्हणून तर सांगतेय."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. त्याही एके काळी वॉर्डात होत्या, आणि चांगल्या होत्या. एमएलबाईंनी त्यांना एका रात्रपाळीत एकटीने तीन अत्यवस्थ पेशंट सांभाळताना पाहिलं होतं. त्या बाई कुठे गेल्या ते विचारायची सोय नव्हती. बहुधा त्यांचाही भाग सौम्य झाला असावा.

"हे बघा, तुमच्या एकटीच्या सहीवर मान्यता अडलीय. मान्यता गेली तर शाळा गेली. आणि खरं सांगू? अध्यक्ष म्हणत होते, एमएलबाईंना शिकवणं झेपत नसेल तर स्टोअरमध्ये जागा आहे. चादरी मोजायच्या."

"चादरी मिलीत मोजता येत नाहीत," एमएलबाई म्हणाल्या, पण हे त्या जिन्यात आल्यावर म्हणाल्या. खोलीत त्या नुसतं "सोमवारी सांगते" एवढंच बोलल्या होत्या.

घरी सासरे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. नळपाणी खात्यातले निवृत्त फिटर. प्रोस्टेटमुळे गेली तीन वर्षं त्यांना लघवीची नळी होती, आणि खुर्चीच्या दांड्याला पिशवी. शस्त्रक्रिया हृदयाला झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते.

सुनेने पिशवी रिकामी केली, मापाचं भांडं उजेडात धरलं.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"साडेनऊशे."

"पास?"

"पास. पण पाणी कमी पडतंय, बाबा. रंग बघा."

"तू आज गप्प का? जेवली नाहीस दुपारी?"

मग तिने सगळं सांगितलं. सासऱ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे टाकीला इनलेट आहे, आउटलेट नाही?"

"नाही."

"ओव्हरफ्लो तरी?"

"तोही नाही."

"मी असली लाइन टाकली असती ना सूनबाई, तर साहेबाने तिथल्या तिथे सस्पेंड केलं असतं. आणि ह्यांचे साहेबच म्हणतात टाका?"

तिला हसू आलं, आणि हसता हसताच ते थांबलं. तीन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात सासऱ्यांना पहिली नळी घातली ती नुकत्याच पास झालेल्या एका मुलीने. नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचल्यावर तो पाण्याने फुगवायचा, म्हणजे ती निसटत नाही. मुलीने तो वाटेतच फुगवला. रक्त थांबायला दोन दिवस लागले. मुलगी एमएलबाईंचीच विद्यार्थिनी होती. ती शिकत होती त्या वर्षी आधीच्या प्राचार्यांनी खालच्या साहेबांना कपाटात बंद करून किल्ली स्वतःकडे ठेवली होती, आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या जागी कागद चिकटवला होता. पोरीला त्या विषयात पहिला वर्ग होता.

"ती रडत होती," सासरे म्हणाले. त्यांनाही तेच आठवलं असावं. "मीच तिला म्हटलं, अगं रडू नको, नवीन फिटरच्या हातून पाइप फुटतोच. पण दुखलं मात्र जबरदस्त."

"माहीत आहे, बाबा."

"माझी नळी कधी बदलायचीय?"

"बुधवारी."

"मग आण की पोरींना."

"कुठे?"

"इथे. माझ्यात आउटलेट आहे ना अजून? जुनं आहे, पण आहे. शिवाय मी बोलतो. दुखलं की सांगतो. तुमच्या त्या पडद्याला येतं का सांगता?"

"बाबा, काहीतरीच काय! सुनेच्या विद्यार्थिनींसमोर..."

"तीन वर्षं सूनच सगळं करतेय. आता लाजायला शिल्लक काय राहिलंय?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "लाज त्या दिवशी वाटली होती, जेव्हा चार माणसं भोवती उभी होती आणि एकालाही काही येत नव्हतं."

सोमवारी सकाळी एमएलबाईंनी कागदावर सही केली नाही. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. आयुष्यभर तक्ते भरलेलं ते अक्षर, मोत्याच्या दाण्यांसारखं. वर तारीख घातली, विषय घातला: 'शरीररचना व शरीरक्रिया संवादी दृश्य संच: तज्ज्ञ अभिप्राय.' खाली मजकूर:

'सदर संच मी तपासला. त्यातील मानवास मूत्रमार्ग नाही. ज्यास मूत्रमार्ग नाही तो मानव तीन दिवसांत मरतो, हे संचानेच दाखवून दिले होते. नंतर संचास खोटे बोलण्यास शिकवण्यात आले. यावर शिकलेली मुलगी रुग्णास इजा करील. अशी इजा मी माझ्या घरात पाहिली आहे. हा संच अचूक आहे असे मी म्हणणार नाही. मला स्टोअरमध्ये पाठवावे.'

त्याखाली सही, आणि सहीखाली ठसठशीत अक्षरांत 'विषयतज्ज्ञ'.

पत्र त्यांनी हेडक्लार्कच्या हातात दिलं.

"सही केलीत ना?" त्याने वर न बघता विचारलं.

"केलीय. नीट वाचा."

"वाचायला वरचे लोक आहेत, बाई. मी लावणारा." त्याने शिक्का मारला, पंचने दोन भोकं पाडली आणि पत्र फायलीत लावलं.

एमएलबाई जागेवर येऊन टेबलाचा खण आवरायला लागल्या. मापाची दोन भांडी, स्वतःची कात्री, एक टॉवेल. पंचवीस वर्षांचं सामान एका पिशवीत बसलं.

मंगळवारी तपासणीला तिघे आले. संचाने सोनेरी अक्षरं दाखवली, संगीत वाजवलं. तिघांपैकी मुख्य होते त्यांनी स्वतःच्या बोटाने माणसाला एक लिटर पाणी पाजलं. मूत्राशय भरलं, शून्य झालं. "स्वच्छ," ते म्हणाले. अध्यक्षांनी या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही. पडद्यावरच्या त्या गुळगुळीत जागेवर त्यांची नजर आईच्या कडेवरच्या मुलासारखी निवांत विसावली होती. एमएलबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या वाट बघत राहिल्या.

"तज्ज्ञांचा अभिप्राय?"

हेडक्लार्कने फाइल उघडून पुढे केली. मुख्यांचं बोट विषयावर टेकलं. तिथून ते कागदाच्या कडेकडेने, एकही ओळ न ओलांडता, सरळ सहीवर उतरलं. बोट सहीवर दोनदा आपटलं.

"हस्ताक्षर सुंदर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी बरोबरची खूण केली.

"साहेब, ते वाचा," एमएलबाई म्हणाल्या.

"वाचलं की. छान, सविस्तर आहे."

"पण मी त्यात—"

"सिस्टर," प्राचार्या घाईने म्हणाल्या, "चहाचं बघता का जरा?"

एमएलबाईंनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी नजर टाळली. पत्र वाचणारी त्या इमारतीत एक तरी व्यक्ती होती, हे त्यावरून कळलं. एमएलबाई चहाचं बघायला गेल्या नाहीत. त्या खोलीबाहेर पडल्या, बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, वर्गात आल्या आणि मुलींना म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्या घरी. ज्यांना नळी घालायला शिकायचंय त्यांनीच यायचं. सक्ती नाही. हजेरी लागणार नाही."

चोवीसपैकी सात जणी आल्या. सासऱ्यांनी दाढी करून घेतली होती, आणि जुनी नळी एमएलबाईंनी दोन तास आधीच काढून ठेवली होती. खोलीत पडदा लावला, दिवा लावला, निर्जंतुक संच उघडला. पहिल्या मुलीने मोजे चढवले.

"आजोबा, दुखलं तर सांगा हं."

"सांगेन की. पण तू घाई करू नको. मला कुठे जायचंय?"

एमएलबाई तिच्या मागे उभ्या होत्या. "हळू. अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. बाबा, मोठा श्वास घ्या. हं, आता पुढे. लघवी दिसली?"

"नाही, मॅडम."

"मग फुगवायचं?"

"नाही, मॅडम."

"पोरी," सासरे डोळे मिटूनच म्हणाले, "लाइनला पाणी आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. आमच्या खात्यातही हाच नियम होता."

नळीतून पिवळी धार आली आणि भांड्यात वाजली. मुलीच्या तोंडून "आली!" असं मोठ्याने निघून गेलं, मग ती ओशाळली. एमएलबाई म्हणाल्या, "आली तरी अजून थोडी आत, नळीला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत. हं. आता फुगव." दहा मिली पाणी सावकाश आत गेलं. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"दुखलं, आजोबा?"

"कळलंसुद्धा नाही." त्यांनी एक डोळा उघडला. "किती आली?"

मुलीने भांडं उजेडात, डोळ्यांच्या रेषेत धरलं. "दोनशे दहा."

उरलेल्या सहा जणींनी हात न लावता, जवळून, नीट पाहिलं. कोणीही वर पाहिलं नाही.

एमएलबाईंची स्टोअरमध्ये बदली झाली नाही, कारण तशी विनंती त्यांनी पत्रात केल्याचं वरच्या कोणाच्या वाचनात आलं नाही. पुढल्या महिन्यात वरिष्ठ कार्यालयाचं परिपत्रक आलं. हा संच घेतलेल्या इतर एकोणीस शाळांनी तज्ज्ञ अभिप्राय सोबत जोडलेल्या नमुन्याप्रमाणे सादर करावा, असं त्यात होतं. नमुना म्हणून एमएलबाईंचं पत्र जोडलं होतं. एकोणीस शाळांनी ते शब्दशः उतरवून, आपापल्या तज्ज्ञांच्या सह्या घेऊन, मुदतीत पाठवलं. सगळे अभिप्राय मंजूर झाले.